तणसावरचे चार महिने

आश्विन लागला की ज्यांना शिंकांची माळ सुरू होते, डोळ्यांना पाणी सुटते, रात्रभर नाक बंद राहते आणि मग घसा खवखवून खोकला लागतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. चार महिने मी स्वतःला क्षयरोगी समजून गावाबाहेर खोपडीत, म्हणजे शेतावरच्या झोपडीत, राहिलो आणि मला क्षय नव्हता. लिहिण्याचा अधिकार म्हणाल तर एवढाच.

हे वाचून कोणी मला मूर्ख म्हणेल. म्हणू द्या. मूर्खपणा लपवला तर तो दुसऱ्याच्या घरी जाऊन पुन्हा जन्म घेतो.

मी आणि छापील कागद

आमचे गाव गोरेगावपासून दोन कोसांवर. घरची धानाची शेती. माझे वडील फारसे शिकलेले नाहीत, पण छापील कागदाविषयी त्यांना मोठा आदर. धान घेऊन गोंदियाच्या मिलला गेले की स्टेशनाबाहेर कोणी काही पत्रक वाटत असेल, ते घडी करून पागोट्यात खोचून आणायचे. दारूबंदी, बालविवाह, खादी, अस्पृश्यता, सांडपाणी, साप चावल्यावर काय करावे. मी त्यांतूनच वाचायला शिकलो. इतर मुलांना गोष्टी ऐकून झोप येई, मला पत्रके वाचून जाग येई.

विसाव्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिले. विषय क्षयरोग. आठ पाने, गोंदियाच्या एका छापखान्यात छापलेली. बाहेरची चार पुस्तके वाचून मी त्यात नियम घातले होते. खोकला लपवू नका. रोग्याने घरात राहू नये, मोकळ्या हवेत शेतावर वेगळे राहावे. त्याचे ताट वेगळे असावे. अंथरूण असे असावे की दर आठवड्याला जाळून टाकता येईल. शेवटच्या नियमाला मी आमच्या भागाला, झाडीपट्टीला, सोसेल अशी सोय सुचवली होती: आपल्याकडे धानाचे तणस, म्हणजे मळणीनंतर उरलेला पेंढा, भरपूर, तेच अंथरावे आणि आठ दिवसांनी जाळावे. ही सूचना कुठल्याही पुस्तकात नव्हती, माझी स्वतःची होती. तिचा मला फार अभिमान होता.

पत्रक मी गावच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवले. कोणाचे नाव घेतले नाही. घ्यावे लागलेही नाही. सगळ्यांच्या माना भागरथा मावशीकडे वळल्या. ती विधवा बाई, पुतण्याच्या घरी राहायची आणि वर्षभर खोकत होती. दुसऱ्या दिवशी पुतण्याने बोडीच्या पलीकडे, म्हणजे आमच्या धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या लहान तळ्याच्या पलीकडे, तिला एक खोपडी घालून दिली. पुतण्याची बायको, तिची सून, रोज एका दगडावर भाताचे गाडगे ठेवून यायची आणि तिने हाक मारण्याआधी मागे फिरायची.

मला वाटले, लिहिलेले वाया गेले नाही.

लाल रेघ

शिंका मला लहानपणापासून होत्या. धान फुलावर आला की नाक गळायचे आणि धान कापून खळ्यावर मळणी सुरू झाली की जास्तच. माय सुंठ उगाळून कपाळावर लावायची. "थंडी भरली याले," म्हणायची. कार्तिक उलटला की आपोआप कमी व्हायचे. त्याला कोणी आजार म्हटले नव्हते. मीही नाही.

पण पत्रकाच्या पुढच्या वर्षी आश्विनातच खोकला जडला. आडवे पडले की घशात काहीतरी उतरायचे आणि खोकून खोकून छाती दुखायची. रात्री झोप नाही, दिवसा अंगात त्राण नाही. जेवणाला चव नाही, कारण वासच येईना. लोणच्याचा वास नाही, फोडणीचा नाही. अंग उतरले. धोतराला एक निरी जास्त पडू लागली.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, खाकरलो, थुंकलो, आणि थुंकीत एक लाल रेघ दिसली. केसाएवढी.

आज मला कळते की दिवसभर पंच्याने घासून घासून नाक आतून सोलले होते, ते रक्त नाकाचे होते. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझीच आठ पाने उभी राहिली. पाचव्या पानावर रक्ताविषयी मी काय लिहिले होते ते मला अक्षरन्‌अक्षर पाठ होते. मी तिथेच जमिनीवर बसलो. गाय माझ्याकडे पाहत होती. तिच्याखेरीज कोणाला सांगावे हे सुचेना.

माझी बायको देवका महिन्याभरापूर्वीच माहेरून बाळंतपण आटोपून आली होती. मुलगी चार महिन्यांची. त्या सकाळी मी देवकाजवळ बसायला हवे होते. लाल रेघ पाहिली, मला भीती वाटते आहे, असे म्हणायला हवे होते. मी काय केले? फळीवरून पत्रक काढले आणि तिच्यापुढे उभा राहून ते पहिल्या पानापासून वाचून दाखवले. ती मुलीला पाजत होती. वाचून झाल्यावर म्हणालो, "म्हणून मी आज शेतावर जातो."

ती म्हणाली, "डाक्टरले तं दाखवा आदी."

मी म्हणालो, "विलायती औषध मी घेत नाही, तुला माहीत आहे."

"मंग वैदाले दाखवा."

"लक्षणे छापील आहेत. आता दाखवायचे काय राहिले?"

तिने मुलीला दुसऱ्या बाजूला घेतले. मी गेलो. जाताना मला आपण फार मोठे काहीतरी करतो आहोत असे वाटत होते. दुसऱ्याला सांगितलेला नियम स्वतःला लावणारे किती असतात? पण आमच्या वाडीचा बेडा ओलांडल्यावर घरातून मुलगी रडल्याचा आवाज आला, आणि ते मोठे वाटणे तिथेच संपले. पुढचे चार महिने ते परत आले नाही.

बोडीच्या दोन बाजू

आमची राखणीची खोपडी बोडीच्या अलीकडे, भागरथा मावशीची पलीकडे. मध्ये पाणी आणि पाण्याला लागून धुरा, म्हणजे शेताचा उंच बांध.

पहिल्या दिवशी मी तणस अंथरून बसलो, तर पलीकडून आवाज आला.

"कोन होय?"

"मी दामू."

"कागदवाला?"

मी तणस सारखे करत राहिलो.

"काऊन गा? राखणीले आला का?"

"मले क्षय झाला मावशी." तिच्याशी बोलताना माझी पुस्तकी भाषा आपोआप गळून पडली.

मग ती हसली. हसता हसता तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत मी ऐकत राहिलो. मग म्हणाली, "बस मंग. जागा मस्त आहे. कागदात लिवल्यापरमानंच आहे सगळं. हवा बी मोकळी आहे, मानसं बी मोकळी झाली."

एवढे बोचरे कोणी मला कधी बोलले नव्हते.

रोजचा क्रम लवकरच बसला. सकाळी उठताच शिंका. दहा, पंधरा, कधी मोजता येत नसत इतक्या. डोळे सुजून बारीक व्हायचे. मग बाबा यायचे. धुऱ्यावर पळसाच्या पानावर भात आणि वरण ठेवायचे आणि चाळीस पावलांवर जाऊन उभे राहायचे. हे अंतर मीच त्यांना मोजून दिले होते. ते तिथून विचारायचे, "कसं आहे?" मी सांगायचो, "तसंच आहे." मग दोघेही बोडीकडे पाहायचो. बोडीत पाहण्यासारखे काही नव्हते. तरी ते निघायला उशीर करायचे.

आठव्या दिवशी बाबा नवीन तणसाचा भारा आणायचे. जुने मी जाळायचो, नवे झटकून अंथरायचो. त्या संध्याकाळी माझी अवस्था फार वाईट व्हायची. श्वास शिटीसारखा वाजायचा, छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखे वाटायचे. मला वाटायचे, रोग पुढे सरकतो आहे.

मंडईचे दिवस आले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. नवे कपडे घालून माणसे धुऱ्याने जायची. मुले, नव्या नवऱ्या, पिपाण्या. आमच्या खोपड्यांजवळ आली की सगळी रांग एकदम खालच्या बांधीत उतरायची, चिखलातून वळसा घालायची आणि पुढे पुन्हा वर चढायची. त्यांत माझ्याबरोबर पारावर बसून पत्रके वाचणारे मित्र होते. एकाने हात वर केला. मी वर केला. तेवढेच.

पलीकडून मावशी ओरडली, "पाहून राहिला का रे बापू? मागच्या साली तू बी असाच उतरला होता खाली."

खरेच उतरलो होतो.

भीतीविषयी

मरणाची भीती मला वाटले होते तशी आली नाही. ती दुसऱ्याच वाटेने आली. एका दुपारी मला मुलीचा चेहरा आठवेना. कपाळ आठवे, जावळ आठवे, नाक आठवेना. माझ्यासारखे की देवकासारखे? मी तासभर आठवत बसलो. चार महिन्यांच्या मुलाचा चेहरा दर आठवड्याला बदलतो, म्हणजे मी आठवतो आहे तो चेहरा आता जगात कुठेच नाही, हे एकदम लक्षात आले आणि मी तणसात तोंड खुपसून रडलो. त्यामुळे अर्थातच शिंका सुरू झाल्या. रडणेही धड पुरे झाले नाही.

एकटेपणात माणूस पवित्र होतो असे मी कुठेतरी वाचले होते. तसे होत नाही. माणूस हिशेबी आणि चिडका होतो. बाबा आज चाळीसऐवजी पन्नास पावलांवर का उभे राहिले, वरण पातळ का, देवका एकदाही का आली नाही. ती यावी म्हणून मी तळमळत होतो आणि ती आली असती तर मीच तिला हाकलले असते.

त्या महिन्यांत मी ज्या एका माणसाशी बोललो ती भागरथा मावशी. दुपारी ऊन झाले की ती तिच्या धुऱ्यावर बसायची, मी माझ्या. मध्ये पाणी. तिच्या नवऱ्याच्या, दिराच्या, गोंदियाच्या मिलमध्ये कोंडा पाखडायला जायची त्या दिवसांच्या गोष्टी. मी कधी उपदेश करायला लागलो की म्हणायची, "पुरे. छापून आन, मंग ऐकते." मला ती अडाणी वाटायची. तिच्याकडून रोगाबद्दल काही शिकावे असे एकदाही मनात आले नाही. दोन्ही गोष्टी लिहून ठेवतो.

देवका आली

माघाच्या शेवटी एका सकाळी बाबांच्या मागे देवका आली. कडेवर मुलगी. चाळीस पावलांवर ती थांबली आणि तिने मुलीला दोन्ही हातांनी वर उचलले. मला दिसावी म्हणून. मुलगी हवेत पाय झाडत होती. तिला मी दिसतही नसेन.

त्या दिवशी तणस बदलायचा दिवस होता. बाबांनी भारा टाकला, मी तो सोडून झटकला, आणि देवकासमोर मला शिंकांचा झटका आला. तीस तरी असतील. शेवटी मी धुरा धरून खाली बसलो.

ती तिथूनच म्हणाली, "घरी असताना एवढं नव्हतं."

"रोग वाढतो आहे," मी म्हणालो.

"रोग वाढते का इथं आल्यावर वाढते?"

"देवका, पत्रकात..."

"कागदाचं नाव काढू नका माझ्यासमोर." तिचा आवाज चढला. आमच्याकडची बाई सासऱ्यासमोर नवऱ्यावर आवाज चढवत नाही. बाबांनी मान फिरवून बोडीकडे पाहिले. "मी तुमची बायको होय का पार होय? कोनी गावाले वाचून दाखवल्यावानी मले वाचून दाखवलं. शिमग्यापर्यंत डाक्टरले दाखवा. नाई दाखवलं तं मी पोरगी घेऊन मायघरी जाते. मंग परत आनाले येऊ नका. तुमी आन तुमचा कागद राहा सुखानं."

ती गेली. मुलगी तिच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

त्या दिवशी मी माझी वही काढली. रोजच्या त्रासाची नोंद मी ठेवत होतो, पुढच्या आवृत्तीला उपयोग होईल म्हणून. ती पहिल्यांदा नीट वाचली. सगळ्यात वाईट दिवसांवर खुणा केल्या. प्रत्येक खूण तणस बदलण्याच्या दिवसावर पडली. एकही चुकली नाही. कारण मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आले तेव्हा म्हणालो, "गोंदियाले कधी जाऊन राहिले?"

ते म्हणाले, "आताच. बैल जुपायचे आहेत फक्त."

गोंदिया

विलायती औषध न घेण्याचे तत्त्व मी रस्त्यातच सोडले. दवाखाना धर्मादाय होता, डॉक्टर हिंदी बोलणारे, जाड, पान खाणारे. त्यांनी छाती ठोकून पाहिली, नळी लावली, थुंकी काचेवर घेतली. तीन दिवस येत जा म्हणाले. मी उभा राहून त्यांना माझी लक्षणे पत्रकातल्या क्रमाने सांगितली. ते ऐकत राहिले.

"पढ़े-लिखे हो?"

"हो."

"हाँ, बीमारी से पता चल रहा है." मग विचारले, "छींकें कितनी आती हैं?"

शिंका पत्रकात नव्हत्या, म्हणून मी सांगितल्याच नव्हत्या.

तीन दिवस आम्ही धर्मशाळेत राहिलो. तिथे लाकडी फळी होती आणि घरून आणलेली गोधडी. तणस बैलांपुरते गाडीत, अंगणात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जागा झालो आणि काहीतरी वेगळे वाटले. काय ते लगेच कळेना. मग समजले की मी तोंड मिटून झोपलो होतो. दोन्ही नाकपुड्यांतून हवा जात होती. मी हलूही नये असा पडून राहिलो. श्वास ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याचे नाक महिनोन्‌महिने बंद राहिले आहे त्यालाच विचारा.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले की तिन्ही दिवसांच्या थुंकीत क्षयाचे काही नाही आणि छाती साफ आहे. मी वही पुढे केली. खुणा पाहून त्यांनी तणस म्हणजे काय ते विचारले. बाबांनी बाहेरच्या गाडीकडे बोट दाखवले. डॉक्टर स्वतः उठून अंगणात आले, गाडीतून मूठभर तणस उचलले, माझ्या नाकाखाली धरून झटकले.

मी अंगणभर शिंकत फिरलो. बैल बिथरले. डॉक्टर पोट धरून हसत होते.

"लो भई, ये रहा तुम्हारा क्षय! बैलों को खिला दो."

बाबाही हसले. हसता हसता त्यांनी जुवावर हात ठेवला, कपाळ हातावर टेकले, आणि त्यांची पाठ हलू लागली. मी जवळ गेलो. गाडीत आणि धर्मशाळेत मी तोंड फिरवूनच होतो; चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना चाळीस पावलांच्या आतून नीट पाहत होतो. त्यांचे केस किती पांढरे झाले होते.

डॉक्टरांनी सांगितले ते, साध्या शब्दांत

काही माणसांच्या नाकाची आतली कातडी फार भित्री असते. गवताच्या आणि धानाच्या फुलांतली बारीक भुकटी, मळणीची धूळ, तणसावर धरलेली बुरशी, इतरांना ज्याचे काही वाटत नाही ते तिला शत्रू वाटते. मग ती सुजते, पाणी सोडते, शिंकांनी त्याला बाहेर हाकलू पाहते. तेच पाणी मागून घशात उतरते आणि खोकला लावते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळे करण्याची गरज नाही. माणूस वेगळा करण्याची तर नाहीच.

मुळापासून बरे करणारे औषध नाही. ज्याने होते त्यापासून दूर राहणे हाच मोठा उपाय. तणसावर झोपू नये. बाजेवर झोपावे, गोधडी कडक उन्हात टाकावी आणि दुसऱ्याने झटकावी. धान फुलावर असताना सकाळी बांधीत जाऊ नये, मळणीला उभे राहू नये. कोमट पाण्यात मीठ घालून नाक धुवावे. पहिल्यांदा मेंदूत आग लागल्यासारखे होते, चार दिवसांत सवय होते. मला यानेच सर्वांत जास्त आराम पडला. एक पांढरी गोळीही दिली होती. तिने नाक मोकळे व्हायचे, पण छाती धडधडायची आणि झोप उडायची. ती मी सोडली.

आणि ज्यांना खोकल्याबरोबर रोज संध्याकाळी बारीक ताप येतो, रक्त पडते, त्यांनी माझे उदाहरण घेऊन निश्चिंत राहू नये. थुंकी तपासून घ्यावी. माझी चूक वेगळे राहण्याची नव्हती. न विचारता ठरवण्याची होती.

मावशीने सांगितले ते

परत आलो तो आधी खोपडीवर गेलो, वही आणि भांडी घ्यायला. मावशी धुऱ्यावर बसली होती. मी ओरडून सांगितले, "मावशी, मले क्षय नाई!"

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

मला वाटले थट्टा करते आहे. "कवापासून?"

"तू आला त्या हप्त्यापासून. माझा नवरा यानंच गेला, दीर यानंच गेला. एक बी शिंकत नव्हता. तू तं कोंबड्याच्या आदी सुरू. क्षयवाल्याच्या अंगात एवढा जोर कुठला बापू?"

"मंग सांगितलं काऊन नाई?"

तिने पदर सारखा केला. पाण्यात एक खडा टाकला.

"सांगनारच होती. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हनलं. मंग तू मंडईचं बोलत बसला. मंग म्हनलं उद्या. सांगितलं असतं तं तू उठून घरी गेला असता. मंग मी कोनासंग बोलली असती?"

मला राग आला. खोटे कशाला लिहू? मुलीचे चार महिने गेले होते, देवका जायला निघाली होती, बाबांचे केस पांढरे झाले होते. पण मावशी त्या धुऱ्यावर माझ्या आधी एक आख्खे वर्ष बसलेली होती. त्या वर्षात मी तिच्या जवळून एकदाही गेलो नव्हतो. दगडावरचे गाडगे आणि मागे फिरणारी सून, एवढीच तिची माणसे, आणि ती सोय मी छापून दिली होती.

"तू बी चल डाक्टरकडे," मी एवढेच म्हणालो.

"मी कायले? मी शिंकत नाई." मग म्हणाली, "जा आता. बसून कायले राहिला? पोरगी मोठी होऊन राहिली तिकडं."

मी गेलो.

घरी

मुलगी माझ्याकडे आली नाही. तोंड फिरवून रडली. तिचे नाक देवकासारखे आहे.

देवका आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. गरम पाणी ठेवायची, मीठ ठेवायची, गोधडी उन्हात टाकून स्वतः झटकायची. एकदा मी म्हणालो, "माझे चुकले." ती म्हणाली, "वाचून म्हनून राहिले का तोंडानं?" मी म्हणालो, "तोंडानं." त्या दिवशी जेवायला वाढताना ती जवळ बसली.

फाल्गुन संपता संपता, एक दिवस ओसरीवर बसलो असताना मला कसलातरी जड, गोड वास आला. कोणी मोहाची फुले वाळत घातली होती. मी देवकाला हाक मारून सांगितले, वास आला म्हणून. ती म्हणाली, "गावभर चार दिवसांपासून येऊन राहिला." तरीही ती हसली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी माझ्याबद्दल कमी आणि मावशीबद्दल जास्त विचारले. ती यायला तयार नव्हती, पण तिच्या थुंकीत रक्त पडते ते मी सांगितले. ते गंभीर झाले. तिने वेगळे झोपावे, वेगळ्या भांड्यात जेवावे हे बरोबर आहे म्हणाले. मग म्हणाले, "लेकिन बातचीत किसने बंद करवाई? खुली हवा में, चार हाथ दूर, मुँह के सामने नहीं, बग़ल में बैठो. पास बैठकर बात करने से कोई नहीं मरता. अकेले पड़े-पड़े बहुत मरते हैं."

माझ्या आठ पानांत हे वाक्य नव्हते. मी नवी आवृत्ती छापणार आहे, पण तिची वाट पाहत बसलो नाही. पारावर जाऊन उभा राहिलो आणि कागद न घेता बोललो. मी काय लिहिले होते, काय चुकले, कोणावर बेतले. काही जण उठून गेले. मावशीचा पुतण्या खाली पाहत बसला होता. तिला गावात परत घ्यायला कोणी तयार झाले नाही. सून आता गाडगे ठेवून थोडा वेळ थांबते, एवढा फरक पडला.

मी रोज दुपारी जातो. बोडीला वळसा घालून पलीकडे, तिच्या बाजूला, चार हात अंतरावर, तोंड एका दिशेला करून बसतो. तिच्या खोपडीचे छप्पर तणसाचे, बाजूला तणसाचा ढीग. तासाभरात माझे नाक गळू लागते, डोळे लाल होतात आणि परत येतो तो शिंकतच. ती म्हणते, "कायले येते गा मराले?" बाबा म्हणतात, "डाक्टरनं तिकडं जाऊ नको म्हनलं होतं ना?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जातो. मावशी आता फार बोलत नाही, तिला दम लागतो. मीच बोलतो. उपदेश करत नाही. मुलगी रांगायला लागली ते सांगतो.

काल निघताना देवका दारात आली. तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या होत्या, पाण्यात भिजवून पिळलेल्या. एक तिने माझ्या नाकातोंडावर बांधली आणि मागे गाठ मारली. दुसरी हातात दिली.

"ही येताना बांधा," ती म्हणाली. "पहिली वाळून जाते."